मोठं कुठाय?

लातूरला आमच्या गल्लीत पिंजारीण खालाच्या कापसावर जो आळ आला, तो माझ्यामुळं आला. तिच्या कापसात काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती. ते सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं, आणि ऐकून घ्यायला सगळी माणसं समोर उभी होती. मी तेरा वर्षांचा होतो. तेरा वर्षांचं पोर घाबरतं, हे खरं. पण पुढं मी सतरा वर्षांचा झालो, पंचवीस वर्षांचा झालो, लोकांच्या पोरांना शिकवायला लागलो, तरी ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणून वयाचं कारण मी पुढं करणार नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तिच्याविषयी लिहायला मला तोंड राहील.

खाला जाऊन आता पाच वर्षं होतील. उंच, हाडापेरानं रुंद बाई. भुवयांवर आणि पापण्यांवर सदा कापसाचे तंतू, त्यामुळं चाळिशीतही ती म्हातारी दिसायची. नवरा गेल्यावर त्याची पिंजण तिनं खांद्यावर घेतली. बाईमाणूस दारोदार पिंजण मारत हिंडतं म्हणून तिच्याच भाऊबंदांनी नावं ठेवली. ती म्हणायची, "पिंजणीला कुठं माहीत बाई कोन आन् बाप्या कोन? तिला तार ताणलेली पाहिजे." गल्लीच्या तोंडाशी तिच्या तारेचा टणत्कार ऐकू आला की बायका जुन्या गाद्या अंगणात आणून टाकायच्या.

पण गल्लीत ती ओळखली जायची दुसऱ्याच गोष्टीसाठी. कुणाकडं बाळ झालं की दुपटं आणि छोटी गादी करायला खालाला बोलावणं जायचं. ती यायची, दारात पिंजण टेकवायची, आणि पाळण्याकडं न बघता विचारायची, "मोठं कुठाय?" पाळण्यातलं लेकरू तिला दाखवायला कुणी उचललंच तर मान फिरवायची. आधी घरातलं मोठं भावंड समोर आलं पाहिजे. ते बहुतेक कुठंतरी कोपऱ्यात रुसून बसलेलं असे. त्याला शोधून आणलं की खाला त्याला नुकत्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर बसवायची. पोर कमरेपर्यंत आत जायचं आणि हसायला लागायचं. मग ती आईबापांकडं बघून म्हणायची, "पाळन्यातल्याला समदं जग बघायला येतंय. याला कोन बघनार?"

त्यानंतर तिची मागणी असायची. मोठ्यानं आपल्या अंगावरचा एक सदरा किंवा झबलं बाळासाठी द्यायचं. नवं नाही, वापरलेलं, आणि धुतलेलं नाही, त्याच्या अंगाच्या वासाचं. आईनं पेटीतून काढून दिलेलं तिला चालत नसे. पोरानं स्वतः निवडून, स्वतःच्या हातानं द्यायचं. हातात घेण्याआधी ती तीनदा विचारायची, "दिलं का?" आणि पोरानं तीनदा म्हणायचं, "दिलं." शेजारचे जोशीकाका गमतीनं म्हणायचे, खाला, तू दुपटं शिवतेस का निकाह लावतेस? ती म्हणायची, "काका, निकाह तुटतो. हे तुटत न्हाई."

तो सदरा दुपट्याच्या आत जायचा, कापसाच्या थरांमध्ये. वरून दिसायचं ते छिटाचं सुंदर कापड. "वरचं लोकांसाठी, आतलं बाळासाठी," असं ती म्हणायची. आणि उरलेल्या कापसाची एक वीतभर उशी ती मोठ्या भावंडासाठी करायची. बारशाच्या दिवशी मोठ्याला मांडी घालून बसवायचं, मांडीवर ती उशी, उशीवर बाळाचं डोकं, आणि त्याच्या कानात खालानं सांगायचं, "ही उशी धाकट्यानं आनलीय तुझ्यासाठी. येताना रिकाम्या हातानं आलं न्हाई ते." घुगऱ्यांची पहिली मूठही मग मोठ्यालाच मिळायची. खाला मुसलमान, गल्ली बहुतेक हिंदूंची, पण ही रीत कुणाची आहे असं कुणी कधी विचारलं नाही. खालाची रीत, एवढंच.

मी एकुलता एक होतो. दुसऱ्यांच्या घरी खाला "मोठं कुठाय?" विचारायची तेव्हा मला त्या पोरांचा हेवा वाटायचा. सात वर्षांचा असताना मी तिला विचारलं होतं, की खाला, माझा सदरा तू कधी मागणार? अंगणातल्या सगळ्या बायका हसल्या आणि आई लाजून आत गेली. खालानं मात्र हसण्यावारी नेलं नाही. माझ्या डोक्यावरून कापसाळलेला हात फिरवून म्हणाली, "मागंन बेटा. तू तयार ऱ्हा."

तिनं मागितला तो भूकंपाच्या वर्षी.

गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. लातूर शहरात आमच्या भिंतीला नुसत्या चिरा गेल्या. औशाच्या पलीकडं माझ्या धाकट्या मावशीचं गाव होतं, तिथं दगडमातीची घरं होती. मावशी, काका, काकांचे आईवडील, सगळे गेले. त्यांची चार वर्षांची मुलगी शालू तेवढी दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली, एका तुळईखालच्या पोकळीतून. पंधरा-वीस दिवस ती तिकडंच छावणीत एका लांबच्या नातेवाइकाजवळ होती, मग अण्णा जाऊन तिला घेऊन आले. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आईनं तिला न्हाऊ घातलं, नवा झगा घातला. शालू बोलत नव्हती. तेव्हा सगळं लातूर अंगणात ताडपत्र्या लावून झोपत होतं, आणि तिथंही ती झोपत नव्हती. अंगावर पांघरूण टाकलं की हातपाय झाडायची, श्वास अडकल्यासारखं करायची. अंगावर वजन आलेलं तिला सोसत नव्हतं. आई तिच्याशेजारी बसून राहायची. आईची कूस जिथं माझी होती, तिथं आता शालू होती. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा, आणि कीव येते म्हणून राग जास्त यायचा.

आईनं खालाला बोलावलं. हलकं पांघरूण करून दे म्हणाली. खाला आली, पिंजण टेकवली, आणि ताडपत्रीखाली बसलेल्या शालूकडं न बघता विचारलं, "मोठं कुठाय?"

शेजारच्या एका काकू म्हणाल्या, खाला, ती काय पाळण्यातली आहे का? चार वर्षांची घोडी आहे. खाला म्हणाली, "आज घरात आली म्हंजे आज जन्मली."

मी पुढं झालो. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं आलं. खालानं मला नीट न्याहाळलं आणि तिला नेमकं जे माहीत होतं ते बोलली. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मावशीनं माझ्यासाठी निळ्या चौकड्यांचं कापड आणलं होतं. गल्लीतल्या शिंप्यानं त्याचा सदरा शिवला होता आणि मी तो वर्षभर घातला होता. "तो निळा दे," खाला म्हणाली. "लेकराच्या आईच्या हातचं कापड हाय. वास तुझा, कापड आईचं. निजंल ती."

मी उद्या देतो म्हणालो.

तो सदरा मला आखूड झाला होता, बाही मनगटाच्या वर जायची. तरी मला तो द्यायचा नव्हता. मावशी माझीही होती. दर सुट्टीत मी तिच्याकडं जायचो, ती मला "माझा पहिला" म्हणायची. तिची एकुलती एक वस्तू माझ्याकडं उरली होती आणि तीही या पोरीनं घ्यावी? असा माझा हिशेब होता. तो चुकीचा होता असं आजही मला पूर्णपणे म्हणता येत नाही. नाही म्हणालो असतो तर खालानं ऐकलं असतं. जबरदस्तीचं कापड ती घेतच नसे. पण मला सदराही ठेवायचा होता आणि मोठेपणही पाहिजे होतं.

अण्णांच्या शाळेत मदतीचे कपडे उतरवले जात होते. कुठकुठून ट्रक येत होते. सुटांचे कोट, फाटक्या साड्या, बर्फात घालायचे स्वेटर, असलं काय काय. गावातल्या माणसांना त्यातलं निम्मं उपयोगाचं नव्हतं. न वाटलेल्या कपड्यांचा ढीग व्हरांड्यात पडून ओला झाला होता, वाळला होता, पुन्हा ओला झाला होता. अण्णा तिथं कपड्यांची निवड करायचे आणि मी त्यांना डबा घेऊन जायचो. त्या ढिगात हात घालून मी निळ्या चौकड्यांचा एक सदरा शोधून काढला. चौकडी थोडी मोठी होती. माझा सदरा मी पेटीत, पुस्तकांच्या खाली दडवला.

दुसऱ्या दिवशी ढिगातला सदरा मी खालाच्या समोर धरला. तिनं तो उलगडून पाहिला नाही. हातानं दिलेलं कापड ती कधीच तपासत नसे. तिचं म्हणणं होतं की पोराच्या देण्याची झडती घ्यायची नसते. माझ्या डोळ्यांकडं बघून तिनं तीनदा विचारलं आणि मी तीनदा म्हणालो, "दिलं."

ते दुपटं तिनं जसं केलं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. कापूस तिनं दोनदा पिंजला, मग हातानं पुन्हा विंचरला. अंगावर घेतलं तर घेतल्यासारखं वाटू नये इतकं ते हलकं झालं. शालूच्या हातात देऊन आईनं सांगितलं, यात दादाचा सदरा आहे, तुझ्या आईनं आणलेल्या कापडाचा. शालूनं दुपटं नाकाला लावलं. कशाचा वास आला तिला कोण जाणे. मग खालानं मला मांडी घालून बसवलं, उशी ठेवली, शालूचं डोकं त्यावर ठेवलं आणि माझ्या कानात म्हणाली, "धाकटीनं आनलीय तुझ्यासाठी." शालू खालून माझ्याकडं टक लावून बघत होती. मी वर ताडपत्रीकडं बघत बसलो. त्या रात्री ती पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपली.

दहा-बारा दिवसांत तिच्या अंगावर पुरळ उठलं. बोटांच्या बेचक्यांत, काखेत, मानेवर. खाजवून खाजवून रक्त काढायची. डॉक्टर म्हणाले ओलसर कापडातल्या बुरशीची खाज आहे, घरात कुणाला नाही तर कुठून आली, जुनं कापड, जुना कापूस काही वापरलं का? आईच्या डोक्यात एकदम दुपटं आलं. कापड तर घरचंच होतं. म्हणजे कापूस. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, पडलेल्या गावांतल्या गाद्या लोक फुकट उचलून आणताहेत आणि तोच कापूस पिंजून विकताहेत. ढिगाऱ्याखालच्या माणसांच्या गाद्या.

आई दुपटं घेऊन खालाच्या दारात गेली. तिच्यामागं पाच-सात बायका, आणि बायकांच्या मागं मी. आई भांडखोर नव्हती. पण त्या वर्षी तिची बहीण गेली होती आणि बहिणीचं राहिलेलं एक लेकरू रक्ताळलं होतं. ती म्हणाली, खाला, कुणाच्या मढ्याखालचा कापूस घातलास माझ्या पोरीला?

खाला उठली. कात्री घेऊन तिनं सगळ्यांसमोर दुपट्याची एक बाजू उसवली. कापूस बाहेर काढला, पांढरा स्वच्छ, ओंजळीत धरून दाखवला. मग आतला सदरा काढला. तो तिनं पहिल्यांदाच उलगडला. मी समोरच होतो, म्हणून मला दिसलं. कॉलरच्या आतल्या बाजूला लाँड्रीची काळी खूण होती, दोन अक्षरं आणि एक आकडा. आमच्या घरातले कपडे आयुष्यात कधी लाँड्रीत गेले नव्हते. खालानं ती खूण पाहिली. शिवणीत साचलेली घाण पाहिली. मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता संपलं.

तिनं सदऱ्याची घडी घातली, कॉलर आत जाईल अशी. आणि आईला म्हणाली, "ताई, चूक झाली माझी. कापसातच खोट होती."

बायकांनी ते तिच्याच तोंडून ऐकलं. अजून काय पाहिजे होतं?

दुपटं फेकून द्यायचं ठरलं, पण शालूनं त्याच्यासाठी असा आकांत मांडला की आईनं हार मानली. खालानं सदरा आणि वरचं कापड उकळलं, दोन दिवस उन्हात टाकलं, आईनं विकत आणून दिलेला नवा कापूस भरला. ते आणायला आईनं मला पाठवलं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. खाला सुईत दोरा ओवत होती. वर न बघता म्हणाली, "मोठे, तुला सांगावंसं वाटंल तवा तू सांग. मी न्हाई सांगनार. त्या लेकरानं समदं हारवलंय. आता भावाला मान खाली घालायला लावली तर ते बघंल कुनाकडं?"

त्या दिवसापासून ती मला नावानं न बोलावता "मोठे" म्हणायची. टोमणा नसायचा त्यात. असता तर बरं झालं असतं.

गल्लीनं तिला बोलावणं बंद केलं. आधी आमची गल्ली, मग शेजारच्या दोन. मी रोज ठरवायचो की उद्या सांगू. शाळेत जाताना तिच्या दारावरून जायला लागू नये म्हणून लांबचा रस्ता धरला. ती वीतभर उशी मी माळ्यावर टाकून दिली.

चार वर्षांनी लातूरचं रूप पालटलं. बारावीच्या निकालांचा गाजावाजा झाला आणि नांदेड, बीड, परभणीकडून पोरं शिकायला येऊन पडली. ज्याच्या घरात खोली होती त्यानं ती भाड्यानं दिली, ज्याच्या नव्हती त्यानं गच्चीवर बांधली. एका खोलीत चार खाटा, चार खाटांवर चार गाद्या. गावातल्या पिंजाऱ्यांना जेवायला उसंत नव्हती. परगावाहून पिंजारी आले. गल्लोगल्ली तारेचे टणत्कार, आणि खाला दारात बसून दुसऱ्यांच्या फाटक्या पोत्यांना ठिगळं लावत होती.

आम्हीही वरच्या दोन खोल्या पोरांना द्यायचं ठरवलं. आठ गाद्या लागणार होत्या. संध्याकाळी चहा घेताना अण्णा म्हणाले, खालाला सांगू या का? झालं गेलं. बिचारीचे हाल चाललेत. आई म्हणाली, पोरीच्या अंगावरचे डाग अजून गेले नाहीत, आणि उद्या लोकांच्या पोरांना काही झालं तर? त्यांचे आईबाप आपल्याला विचारतील. मी तिथंच बारावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून बसलो होतो. अण्णांनी सहज म्हणून मलाही विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हणालो, "मला काय कळतं त्यातलं."

पहिल्या वेळी मी नुसता गप्प राहिलो होतो. या वेळी मला विचारलं गेलं होतं. आमच्या आठ गाद्या खालाकडं गेल्या असत्या तर गल्लीतल्या बाकीच्याही गेल्या असत्या. आळ ज्या घरानं घातला त्याच घरानं तो काढायचा होता. लाज वाटण्याच्या गोष्टी आयुष्यात पुष्कळ आहेत, पण हे वाक्य मला अजूनही आंघोळ करताना, भाजी निवडताना, वर्गात फळा पुसताना मधूनच ऐकू येतं.

त्याच वर्षी खालानं लातूर सोडलं. क्लासवरून येताना मला ती बसस्थानकात दिसली. कंडक्टर पिंजण गाडीत घेऊ देत नव्हता आणि ती त्याला समजावत होती की बाबा, ही माझी सवत हाय, तिला टाकून मी कशी जाऊ. शेवटी पिंजण टपावर गेली. मला पाहून तिनं हाक मारली, "मोठे!" लेकीकडं कंधारला चालले म्हणाली. मग विचारलं, "धाकटी निजती का आता?"

मी हो म्हणालो.

"दुपटं घेती का?"

"त्याच्याशिवाय झोपत नाही."

"मग झालं," ती म्हणाली. माझ्या दप्तराचा बंद सुटला होता, तो तिनं ओढून नीट केला आणि गाडीत चढली. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. मी पाचही मिनिटं तिथंच उभा होतो.

शालू माझ्याच घरात वाढली. दहावीला मीच तिला गणित शिकवलं. राखीच्या दिवशी ती माझ्याआधी आंघोळ करून बसायची. पुढं मी नांदेडला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला लागलो आणि शालूचं सासरही नांदेडलाच मिळालं. मी पोरांना नेहमी सांगतो की पहिल्या पायरीला चिन्ह चुकलं तर खालचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतंच. पोरं ते वहीत लिहून घेतात.

शालूचं लग्न झालं तेव्हा तिनं सासरी ते दुपटं नेलं. आई म्हणाली, जुनेरं कशाला नेतेस? ती म्हणाली, "त्यात दादाचा सदरा आहे. आईच्या कापडाचा." ती हे नवऱ्याला सांगायची, मैत्रिणींना सांगायची, आणि दर वेळी मला साक्षीला घ्यायची. मी मान हलवायचो. माझा खरा सदरा तेव्हाही माझ्या पेटीत होता. त्याचा तिला आयुष्यात एकदाही वास मिळाला नव्हता.

मग शालूला दुसरी मुलगी झाली. मोठी जुई पाच वर्षांची. बाळ घरी आल्यापासून जुईनं जेवण कमी केलं होतं आणि पुन्हा अंगठा चोखायला लागली होती. बाळासाठी फ्रॉक, खुळखुळे, चांदीचे वाळे येत होते. जुईसाठी कुणीतरी रंगांची पेटी आणली, ती तिनं खिडकीतून खाली टाकली. शालू मला म्हणाली, "दादा, खाला कुठं असते रे? दुपटं तिच्याकडूनच करून घ्यायचं. जुईला कुणीतरी विचारायला पाहिजे."

आई माझ्याकडंच असते. ती तडकलीच. त्या बाईच्या कापसानं तुझं अंग फुटलं होतं, विसरलीस? शालू म्हणाली, "फुटलं असेल. पण निजले मी त्यातच."

मी म्हणालो, कंधारला असते, मी घेऊन जातो. पेटी उघडून पुस्तकांखालचा सदरा काढला आणि पिशवीत घातला. आईनं येणार नाही म्हणून सांगितलं होतं. ऐन वेळी आली. ती बाई काय करते ते बघायला येते, म्हणाली.

किल्ल्याच्या अलीकडं एका बोळात खालाच्या लेकीचं घर होतं. जीप बोळाच्या तोंडाशी थांबली. आई खाली उतरली नाही. काच खाली करून बसून राहिली. शालू बाळाला घेऊन पुढं, तिचा पदर धरून जुई, हातात घडी केलेला स्वतःचा पिवळा फ्रॉक, आणि सगळ्यांत मागं मी.

खाला दारात खाटेवर बसली होती. फार वाळली होती. केस आता खरोखरच कापसासारखे. लेकीनं कानाशी जाऊन कोण आलंय ते सांगितलं. शालूनं बाळ पुढं केलं. खालानं मान फिरवली.

"मोठं कुठाय?"

शालू रडायलाच लागली. तिनं जुईला पुढं ढकललं. खालानं जुईचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तिचा चोखून पांढरा पडलेला अंगठा पाहिला आणि तिला खाटेवर आपल्या शेजारी बसवलं. मग पुन्हा दाराबाहेर बघत म्हणाली, "ही आली. आपलं मोठं कुठाय?"

मी पुढं आलो. पिशवीतून सदरा काढताना पिशवीच फाटली. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि हळू म्हणालो की खाला, तो सदरा माझा नव्हता.

"कान गेले रे माझे," खाला म्हणाली. "पुन्हा बोल."

मी पुन्हा बोललो, मोठ्यानं. मदतीच्या ढिगातून उचलला होता म्हणालो. शालूनं बाळाला छातीशी घेतलेलं होतं. तिचा थोपटणारा हात थांबला. शेजारच्या दारातून एक बाई डोकावली.

खालानं एकदा शालूकडं पाहिलं, मग बोळाच्या तोंडाशी उभ्या जीपकडं. लेक म्हणाली, अम्मी, कशाला त्रास देतेस, चांगलं ऐकू येतं की तुला. खालानं तिला हातानं गप्प केलं.

"तीनदा लागतं, मोठे," ती म्हणाली. "तिथवर जाईल असं बोल."

मी उभा राहिलो. जीपचं दार उघडल्याचा आवाज आला. आई उतरत होती. मी आयुष्यात वर्गातसुद्धा एवढ्या मोठ्यानं बोललो नसेन.

"खालाच्या कापसात खोट नव्हती. आई, ऐक. खालाच्या कापसात कधीच खोट नव्हती. तो सदरा मी शाळेतल्या ढिगातून आणला, आणि माझा आहे म्हणून तिच्या हातात दिला. तिला ते कळलं होतं आणि माझी मान खाली जाऊ नये म्हणून तिनं तुमच्यासमोर स्वतःवर घेतलं. शालू, तुझ्या आईनं आणलेल्या कापडाचा सदरा हा आहे. मी तो तुला दिला नाही. पंचवीस वर्षं तुला खोटं सांगितलं. खाला, तुझं काम गेलं, तुझं गाव सुटलं, आणि मी बघत उभा राहिलो. माझं चुकलं. मला माफ कर. हा माझा सदरा. दिलं."